आजोबांची बाबागाडी: तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आधी वस्तू काय ते सांगतो, रडगाणं नंतर. गोल्फची बॅग वाहणारी, हाताने ढकलायची तीन चाकी ट्रॉली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, मागची दोन चाकं मोठी, पुढचं जरा लहान, तिन्हींना फोमचे टायर, म्हणजे हवा आणि पंक्चरची भानगड नाही. रिकामी गाडी घरच्या काट्यावर साडेसात किलो भरली. जून २०२३ मध्ये ऑनलाइन मागवली, १४,८०० रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे या किमतीतल्या निम्म्या गाड्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात.

मी ६९ वर्षांचा. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मशीन शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची खोड आहे. खोकं उघडून मी गाडी पालथी घातली आणि पुढच्या चाकाचा आस बघत बसलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "काय करूलालाय ओ तिथं?" बाहेर येऊन आमच्या हिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नातवाची बाबागाडी गेल्या वर्षी भंगारात दिली, आता आजोबांना आणली होय?" तेव्हापासून घरात तिचं नाव बाबागाडी.

गोल्फ आणि फाउंड्रीवाला हे समीकरण लोकांना पटत नाही. खरं म्हणजे बेळगावात हा खेळ कॅम्पामुळे, लष्करामुळे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदारसाहेब राहायला आले, त्यांनी मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर नेलं. पहिल्या दिवशी दहा वेळा काठी फिरवली, त्यातल्या सहा वेळा चेंडू होता तिथंच. सातव्या वेळी कसा कोण जाणे, असा सुटला की आवाजच वेगळा आला. मोल्डमधून कास्टिंग सुटं झाल्यावर त्यावर हातोडी मारली आणि ते खणखणीत वाजलं की कसं कळतं, यात भेग नाही, तसा. त्या आवाजासाठी गेली अठरा वर्षं जातोय. आता आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेसहाला, नऊ होल, म्हणजे चेंडू घालायचे नऊ खड्डे. दोन सव्वादोन तास, चारेक किलोमीटर चाल.

बॅग खांद्यावर घेऊन चालायचा माझा हट्ट होता. चौदा क्लबांची, म्हणजे खेळायच्या काठ्यांची, भरलेली बॅग बारा-तेरा किलोच्या घरात जाते. साठीपर्यंत काही वाटलं नाही. साठीनंतर बॅग मामांकडे गेली.

मामा म्हणजे आमचे कॅडी, बॅग वाहणारे. सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो, वयाने ते माझ्याहून सात वर्षांनी लहान असले तरी. हिंडलग्याच्या पलीकडे त्यांचं गाव. माझ्याशी मराठीत बोलतात, आमच्याबरोबर खेळणाऱ्या मास्तरांशी कन्नडमध्ये, सुभेदारसाहेबांशी हिंदीत, आणि चेंडू गवतात हरवला की तिन्ही भाषांत. "इल्ले ऐत्री सर!" अशी हाक आली की समजायचं, सापडला. पण मध्येच माझ्या लक्षात आलं की चढ लागला की मामाही थांबतात. बॅग जमिनीवर टेकवून उगाच कुठल्या तरी झाडाकडे बघत उभे राहतात. मी पण तेच करत होतो. दोघंही एकमेकांना कळू न देता दम खात होतो.

मग २०२२ चा ऑगस्ट आला. बेळगावकरांना सांगायला नको. जाधवनगरात एका माणसावर हल्ला करून बिबट्या पळाला आणि गोल्फच्या मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळा बंद, पिंजरे, कॅमेरे, शेवटी शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्तींच्या कॅम्पातून हत्ती आणून झाडी विंचरून काढली. रोज पेपरात तेच. मैदानाकडे फिरकायची सोय नव्हती. मी घरी बसलो, सकाळी उठून चहा, पेपर, परत चहा. महिनाभराने पुन्हा गेलो तर पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) चेंडूखालची खुंटी रोवायला वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की तसाच वाकलेला राहिलो. मास्तर म्हणाले, "नमस्कार कुणाला घालताय?"

त्या दिवशी कळलं की मी तंदुरुस्त होतो म्हणून चालत नव्हतो, चालत होतो म्हणून सरळ उभा होतो. चालणं सोडायचं नव्हतं. वजन सोडायचं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी खेळायला ना म्हटलं नाही. एका खांद्यावर ओझं घ्यायचं नाही आणि वळायचं ते हळू, एवढंच सांगितलं. सुभेदारसाहेबांकडे जुनी दोन चाकी ओढायची ट्रॉली होती, ती आधी महिनाभर वापरून बघितली. माझ्या मते या वयात ओढायची गाडी घेऊच नये. एक हात मागे, खांदा पिळलेला, आणि चढावर ती तुम्हाला मागे खेचते. ढकलायच्या गाडीत दोन्ही हात समोर, पाठ सरळ, आणि चढावर जरा तिच्यावर रेलताही येतं. किमतीत फरक आहे, पण मणक्याला हे कळतं.

आता मामांचं काय, हा प्रश्न होता, आणि तो अवघड होता. गाडी घेतली तर त्यांची मजुरी बुडणार. खोटं कशाला सांगू, गाडी येऊन आठ दिवस झाले तरी मी ती मैदानावर नेली नाही. शेवटी त्यांनाच विचारलं. मामा म्हणाले, "आणा की ओ सायेब. बॅग तुमची, गुडघं माझं जातंय." तेव्हापासून गाडी मामा ढकलतात, चढाला मी. पैसे तेच. चेंडू शोधायला, ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक गवताचा) उतार सांगायला, तिथला पट, म्हणजे हळू फटका, कुठल्या बाजूने मारायचा ते दाखवायला माणूस लागतोच, ते काही चाकं सांगत नाहीत.

आता गाडीच्या कामाबद्दल.

सपाटीवर एका बोटाने चालते, अतिशयोक्ती नाही. गाडीचा आस सरळ आहे की नाही बघायला मी घरासमोरच्या काँक्रीटवर सोडून दिली होती, दहा फुटांत वीतभर डावीकडे गेली. पुढच्या चाकाजवळ एक लहान स्क्रू असतो, तो पाव फेरा फिरवला की सरळ होते. माहितीपुस्तकात हे बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर आहे, पहिल्या पानावर पाहिजे होतं. आडव्या उतारावर मात्र ती खालच्या बाजूला ओढ खाते, तिथे खालच्या अंगाचा हात घट्ट ठेवावा लागतो.

वजनाची चाचणी माझ्याऐवजी मामांनी घेतली. गणपतीच्या आधी एका रविवारी, "जरा नेऊ काय?" म्हणून घेऊन गेले, आणि गिरणीतून तांदळाचं २५ किलोचं पोतं तिच्यावर घालून घरी आणलं. सोमवारी गाडी परत आली ती धुऊनपुसून. सांगाड्याला काही झालं नव्हतं. खालच्या पट्ट्यात तांदळाचे चार दाणे तेवढे राहिले होते.

ब्रेक हा या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. घेताना माणूस छत्रीचा दांडा, स्कोअरकार्डची पाटी, पाण्याच्या बाटलीची जाळी हे बघतो. मीही तेच बघितलं. ब्रेकची मूठ वर हँडलला आहे, तिच्यातून केबल खाली जाते आणि मागच्या चाकाच्या आतल्या दातेरी कड्यात एक पिन अडकवते. कल्पना चांगली. पण आपल्याकडे जुलैत जो तांबडा चिखल होतो, तो त्या दातांच्या खाचांत बसतो. खाच भरली की पिन पूर्ण आत जात नाही, नुसती कडेला टेकते. मुठीवर "लागला" असं वाटतं आणि लागलेला नसतो.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. पावसाने उघडीप दिली म्हणून गेलो होतो. टी उंचावर, खाली उतार, उताराच्या टोकाला ओढा. ब्रेक लावला, मी टीवर उभा राहिलो, काठी मागे नेली आणि मामा ओरडले, "सायेब, गाडी चालली की ओ!" वळून बघतो तर बाबागाडी संथपणे, एखादी मालगाडी स्टेशन सोडते तशी, निघालेली. पळणार कोण? आमची दोघांची वयं मिळून शंभर पार सव्वाशेला टेकलेली. मास्तर हसून खाली बसलेले. सुभेदारसाहेबांनी तेवढं "थम!" म्हणून परेडच्या आवाजात हुकूम सोडला, तो तिने मानला नाही. आम्ही सगळे रांगेत उभे राहून बघत होतो. अर्ध्या उतारावर वेग आला, एका वारुळाला धडकून उडी मारली आणि बॅगेसकट ओढ्यात. पाणी गुडघाभरच होतं. पण हातमोजे, टॉवेल, डबा, सगळं तांबडं. डब्यात थालीपीठ होतं.

तेव्हापासून तीन नियम पाळतो. उतारावर गाडी कधी उताराच्या दिशेला तोंड करून लावायची नाही, आडवी लावायची. खेळून आल्यावर त्या दातेरी कड्यावरून जुना टूथब्रश फिरवायचा. आणि केबलला दर दोन-तीन महिन्यांनी ताण द्यायचा, त्यासाठी मुठीखाली एक चाकी आहे, हाताने फिरते. हे केलं तर ब्रेक चांगला आहे. नाही केलं तर ओढा आहेच.

दुसरी तक्रार पुढच्या चाकाची. पहिल्या दिवाळीच्या आसपास ते डुगडुगायला लागलं. उघडून बघितलं तर आत बेअरिंग नाहीच, प्लास्टिकचा बुश, म्हणजे नुसती नळी. मागच्या दोन चाकांना बेअरिंग आणि पुढच्याला, जे सगळे खड्डे पहिल्यांदा खातं त्याला, बुश. भोक झिजून लंबगोल झालेलं. कंपनीला मेल केली. अकरा दिवसांनी उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवले. मग उत्तर आलं की बुश सुटा मिळत नाही, पूर्ण चाक घ्या, २,२०० रुपये, तेही सध्या शिल्लक नाही. फोनवरचा मुलगा नम्र होता, त्याला बोलून काय उपयोग. पण बत्तीस वर्षं ज्याने जबाबदारीने पार्ट पाठवले, त्याला "सुटा मिळत नाही" हे वाक्य ऐकवत नाही.

उद्यमबागला गेलो. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा, आता त्याला पोरगा म्हणणं बरं नव्हे, त्याचं स्वतःचं लेथचं शेड आहे. आस आठ मिलिमीटरचा. म्हणजे ६०८ नंबरचं बेअरिंग, आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, पोरांच्या स्केटला तेच असतं. त्याने नायलॉनच्या रॉडचा तुकडा टर्न केला, दोन्ही तोंडांना बेअरिंगची घरं काढली आणि हबमध्ये घट्ट बसवला. बेअरिंग बसवताना मी मध्ये पडलो. त्याच्याकडे झेडझेड होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं. मी म्हटलं, बाबा, हे फरशीवर चालायला ठीक, आपल्या मातीला टू-आरएस घाल, रबराच्या सीलचं. आणवलं. चाक बसवून मी नुसतं बोटाने फिरवलं, ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं. आम्ही दोघं त्याकडे बघत उभे होतो. पैसे घेईना. चहाच्या ग्लासाखाली दोनशे ठेवून आलो. त्याला आता दोन पावसाळे झाले, चाकाला काही नाही.

हे सगळ्यांना जमेल असं नाही, कळतं मला. पण बेळगावात राहून पुढच्या चाकासाठी २,२०० रुपये मोजणारा माणूस मला भेटायचाय.

चिखलाबद्दल आणखी एक. रुंद टायरचं मॉडेल याहून तीन हजारांनी महाग होतं, ते घेतलं नाही हे नशीब. डॉक्टरांचं (आमच्यातले दातांचे डॉक्टर, हाडांचे नव्हेत) रुंद टायरचं आहे, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या चाकांवर मातीचा थर चढत चढत शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि ते गाडी उचलून चालतात. अरुंद टायरला माती लागते पण झडते.

छत्रीचा दांडा वाऱ्यात टिकत नाही. इथला पावसाळी वारा पुस्तक लिहिणाऱ्यांनी बघितलेला नसावा. स्कोअरकार्डची पाटी ठीक. बाटलीच्या जाळीत मोठी बाटली बसत नाही. घडी घालणं दोन खटक्यांचं काम आहे, पण आमच्या लहान गाडीच्या डिकीत पुढचं चाक काढूनच बसते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर हिचा नाद सोडा किंवा खाली वॉचमनशी मैत्री करा.

गाडी आल्यावर एक गंमत झाली. बॅग आता कुणाच्याच पाठीवर नाही म्हटल्यावर मला वाटलं आता चौदाच्या चौदा क्लब नेऊ. झालं उलटं. डिकीत बॅग उचलून ठेवायची असतेच की. म्हणून एकेक काढत गेलो. लांब आयर्न (लोखंडी तोंडाचे लांब क्लब) काढले, त्यांनी तसाही आता माझ्याने चेंडू उचलला जात नाही, जमिनीलगत सरपटतो. त्यांच्या जागी एक हायब्रिड, मारायला सोपा क्लब, घातला. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, त्याने चेंडू एक काळ दोनशे यार्ड जायचा, आता दीडशे गेला की मास्तर टाळ्या वाजवतात. एकूण नऊ क्लब. नियमात चौदाच्या वर नेता येत नाहीत, कमी न्यायला कुणाची हरकत नाही. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) सत्तावीस, आणि तो कमी व्हावा असा आता आग्रह नाही.

नियमांवरून आठवलं. २०१९ मध्ये नियम बदलले त्यात आम्हा म्हाताऱ्यांचा विचार कुणीतरी केला असावा. पूर्वी अडचणीतला चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची सूट घेताना तो खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, आता गुडघ्याच्या. म्हणजे गुडघा नावाचा अवयव असतो याची दखल घेतली गेली. पटिंग करताना होलातला झेंडा काढलाच पाहिजे असं नाही, एक वाकणं वाचलं. चेंडू शोधायला मात्र पाचाचे तीन मिनिटं केली, आमची नजर गेल्यावर. ट्रॉलीवाल्यांसाठी मोठा दिलासा म्हणजे आपला चेंडू चुकून आपल्याच बॅगेला किंवा गाडीला लागला तर आता दंड नाही, पूर्वी एक फटका जायचा. माझा एक चेंडू निलगिरीच्या बुंध्यावर आपटून सरळ परत येऊन बाबागाडीच्या हँडलला लागला. मास्तर दंड दंड म्हणून नाचत होते. मोबाइलवर नियम दाखवला, तेव्हा म्हणाले, "मग गाडीला विचारा, तिला लागलं काय?" हँडलवर त्याची खूण आहे अजून.

पावसाळ्यात चेंडू स्वतःच्या आदळण्याने मातीत रुतला तर फुकट उचलता येतो, डबक्यात गेला तरी. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, हिशोब वेगळा, पण बंकरमध्ये मी गाडी नेत नाही आणि नियमांवर वादही घालत नाही. गाडी ग्रीनवर न्यायची नाही हेही नव्यांनी लक्षात ठेवा, चाकाच्या रेघा पटिंग करणाऱ्याच्या जिवावर येतात.

एकंदरीत विचाराल तर, आली तशी गाडी पाचपैकी तीन. बेअरिंग बसवल्यावर चार. एक गुण छत्रीचा, तो मी देत नाही. जे बसून गाडीतून गोल्फ खेळतात त्यांना हिचा उपयोग नाही. ज्यांना चालायचंय आणि ओझं नकोय, त्यांनी घ्यावी, पण घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: पुढच्या चाकात बेअरिंग आहे का, आणि ब्रेकची केबल सुटी मिळते का. केबलचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात खडेबाजारातून सायकलच्या ब्रेकची केबल आणून ठेवली आहे, लांबी जुळते. या शनिवारी खेळून आल्यावर बदलायची आहे. मामांनी पाना घेऊन येतो म्हणून सांगितलंय.